क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची एएएस पदवी: काय लागतं आणि कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीत राहतं. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिसची दोन वर्षांची असोसिएट इन अप्लाइड सायन्स, म्हणजे एएएस, करायची आहे आणि पुढे पोलिसात जायचं आहे. बाबा विचारतात: या पदवीला नेमकं काय काय लागतं? नंतर चार वर्षांची पदवी करता येते का? आणि आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, त्याने काही अडतं का?

मी याच राज्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात चौदा वर्षं अ‍ॅडव्हायझरचं काम करते आहे. त्यातली नऊ वर्षं क्रिमिनल जस्टिसची मुलं माझ्याकडेच आहेत. तुमचे प्रश्न आहेत त्या क्रमाने घेतले तर आज उत्तर गोड वाटेल आणि दोन वर्षांनी घशात अडकेल. म्हणून शेवटचा आधी घेते.

एच-४वर मुलगी कॉलेजात शिकू शकते, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. पदवीच्या अटींमध्ये नागरिकत्व कुठेही नाही, त्यामुळे पदवीही मिळेल. पण नॉर्थ कॅरोलायनात शपथ घेतलेला पोलीस अधिकारी व्हायचं तर अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं. ग्रीन कार्डही पुरत नाही. राज्याराज्यांत हे वेगळं आहे. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून नागरिकत्वाची अट काढली, इलिनॉयने जानेवारी २०२४ पासून. मात्र दोन्हीकडे कामाची कायदेशीर मुभा असावी लागते, आणि एच-४वरच्या मुलांना ती नसते. एफबीआय, बॉर्डर पेट्रोल वगैरे केंद्राच्या नोकऱ्यांचा तर प्रश्नच नाही, तिथे नागरिकत्व पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं.

याला जोडून दुसरी गोष्ट, जी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलगी एकवीस वर्षांची झाली की एच-४ संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तोवर नंबर लागला नाही तर तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, आणि एफ-१ म्हणजे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची फी. आपल्या कम्युनिटी कॉलेजांत राज्यातल्या विद्यार्थ्याला क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक) ७६ डॉलर पडतात. १६ क्रेडिटच्या पुढे फी वाढत नाही, म्हणजे सेमिस्टरला जास्तीत जास्त १,२१६ डॉलर. बाहेरच्याला हाच दर २६८ डॉलर आहे, सोळा क्रेडिटचे ४,२८८. अठराव्या वर्षी सुरू करून वेळेत संपवलं तर ही वेळ येत नाही. एक सेमिस्टर इकडे, एक गॅप इयर तिकडे असं झालं तर येऊ शकते. फाफ्साची सरकारी मदत एच-४वाल्यांना मिळत नाही, हेही आत्ताच धरून चाला.

राज्यातली फी लागू होते की नाही हे कॉलेज ठरवत नाही. त्यासाठी रेसिडेन्सी डिटर्मिनेशन सर्व्हिसच्या संकेतस्थळावर फॉर्म भरावा लागतो, मग एक आरसीएन नंबर मिळतो. एच-४ असला म्हणून आपोआप नकार येत नाही, पण कागद मागतात: टॅक्स रिटर्न, घराचा करार, गाडीची नोंदणी. अर्ज करण्याच्या आदल्या रात्री हे करायला बसू नका. दर ऑगस्टमध्ये माझ्या दाराबाहेर निम्मी रांग याच कारणाने असते.

आता पहिला प्रश्न.

नावात 'सायन्स' आहे म्हणून आपले पालक फसतात. एका काकांनी मला विचारलं होतं, 'फिजिक्सची लॅब किती तासांची?' यात फिजिक्स नाही. 'अप्लाइड सायन्स' म्हणजे थेट कामाला लागण्यासाठी आखलेली पदवी, एवढाच अर्थ. वेल्डिंगलाही एएएस आहे आणि नर्सिंगलाही.

आपल्या राज्यात या अभ्यासक्रमाचं नाव क्रिमिनल जस्टिस टेक्नॉलॉजी. क्रेडिट कॉलेजप्रमाणे साठच्या पुढे, बहुतेक ठिकाणी पासष्टच्या आसपास. त्यात सात कोर्स गाभ्याचे आणि सगळ्या कॉलेजांत तेच (सीजेसी हा क्रिमिनल जस्टिसच्या कोर्सचा कोड): सीजेसी १११ ओळख, ११२ क्रिमिनॉलॉजी, ११३ ज्युव्हेनाइल जस्टिस, १३१ क्रिमिनल लॉ, २१२ एथिक्स आणि समाजाशी संबंध, २२१ तपासाची तत्त्वं, २३१ घटनात्मक कायदा. २२१ला लॅब आहे म्हणून तो चार क्रेडिटचा, बाकी तीन-तीनचे, एकूण बावीस. मग कॉलेज आपल्या मर्जीने अजून काही सीजेसी कोर्स घालतं: करेक्शन्स (तुरुंग आणि शिक्षेची व्यवस्था), कोर्टाची पद्धत, क्रिमिनलिस्टिक्स, मुलाखत आणि चौकशी.

उरलेलं सामान्य शिक्षण. किमान पंधरा क्रेडिट: ह्युमॅनिटीजचा एक, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राचा एक, गणित किंवा विज्ञानाचा एक, आणि संवादाचे सहा क्रेडिट, ज्यात इंग्रजी १११ जवळजवळ सगळीकडे असतं. शिवाय एक कॉम्प्युटरचा आणि एक 'एसीए', म्हणजे कॉलेजात कसं टिकायचं याचा एक क्रेडिटचा वर्ग. मुलं त्याला हसतात. पण पहिल्या सेमिस्टरला नाही घेतला तर शेवटच्या सेमिस्टरला तोच एक क्रेडिट पदवी अडवून बसतो.

याशिवाय तीन अटी कॅटलॉगच्या बारीक अक्षरात असतात. जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, किमान २.०. एकूण क्रेडिटपैकी पाव हिस्सा त्याच कॉलेजात मिळवलेला असला पाहिजे. बाकीचं बाहेरून आणलं तरी चालतं. आणि पदवीसाठी अर्ज करावा लागतो. कोर्स संपले म्हणजे पदवी घरी येते असं बहुतेक ठिकाणी होत नाही.

प्रवेशाला परीक्षा नाही. हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीचं जीईडी प्रमाणपत्र पुरतं. इंग्रजी-गणिताची पातळी हायस्कूलच्या अनवेटेड, म्हणजे अवघड विषयांचे जादा गुण न धरलेल्या, जीपीएवर ठरते: २.८ किंवा जास्त असेल तर थेट कॉलेजच्या वर्गात, २.२ ते २.८ च्या मध्ये असेल तर सोबत एक आधाराचा वर्ग, त्याच्या खाली असेल तर आधी तयारीचा वर्ग. अनवेटेड म्हणते आहे ते लक्षात घ्या. आपली मुलं एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि ऑनर्समुळे ४.३ सांगतात, तो आकडा इथे चालत नाही.

मात्र एपी वाया जात नाही. सायकॉलॉजीत ३ किंवा जास्त गुण असतील तर सायकॉलॉजी १५० झालं, इंग्लिश लँग्वेजमधले असतील तर इंग्रजी १११ झालं. कॅरीतली मुलगी आहे म्हणजे दोन-तीन एपी असणारच. आणि ती अजून हायस्कूलमध्येच आहे तर करिअर अँड कॉलेज प्रॉमिसखाली एखादा सीजेसी कोर्स आत्ताच, फी न भरता घेता येतो. माझा सल्ला विचाराल तर १११ आत्ता घ्या. आवड खरी आहे की टीव्हीवरची, ते सोळा आठवड्यांत कळतं.

टीव्हीचं निघालंच म्हणून सांगते. दर वर्षी पाच-सहा मुलं 'फॉरेन्सिक' म्हणून येतात. प्रयोगशाळेत डीएनए तपासायचा असेल तर ही पदवी चुकीची आहे. तिथे जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राची चार वर्षांची पदवी लागते, डीएनए विभागात तर बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स असे ठरावीक विषय झालेले असावे लागतात. एएएसमधून घटनास्थळी पुरावा गोळा करणाऱ्याचं काम मिळू शकतं, प्रयोगशाळेतलं नाही.

मग या वर्गांत शिकवतात काय? २२१च्या लॅबमध्ये बोटांचे ठसे घ्यायला शिकवतात, अजूनही शाई आणि कार्डावर. मुलं एकमेकांचे ठसे घेतात. अंगठा अंगाकडे फिरवायचा, बाकीची बोटं अंगापासून बाहेर, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच दमात, दाब न देता. दहा चौकोन, खाली चारी बोटांचे एकत्र सरळ ठसे आणि अंगठे. पहिल्या दिवशी सगळ्यांची कार्डं काळी माखलेली असतात, कारण प्रत्येकजण जोर लावतो. ज्याचा हात धरला आहे त्याने बोट सैल सोडायला हवं, आणि घाबरलेला माणूस ते सोडत नाही. त्याच्याशी बोलत राहावं लागतं. आमचे एक निवृत्त डेप्युटी, म्हणजे शेरिफच्या हाताखालचे अधिकारी, हा तास घेतात; त्यांच्या तासाला अर्धा वेळ शाईवर जातो आणि अर्धा बोलण्यावर.

२३१ हा मला सगळ्यांत मोलाचा कोर्स वाटतो, आणि मुलं सर्वांत जास्त नापास होतात तीही त्यातच. १९६६चा मिरांडा, म्हणजे अटकेतल्याला गप्प राहण्याचा हक्क सांगायला लावणारा खटला, सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पण पोलिसाने बळ किती वापरायचं याचं आजही वापरलं जाणारं मोजमाप १९८९च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यातून आलं, आणि तो प्रसंग आपल्याच शार्लटचा आहे. मधुमेही माणूस, साखर कमी झाल्यामुळे ज्यूस घ्यायला दुकानात धावत गेला, रांग बघून धावतच बाहेर आला, आणि पोलिसाला संशय आला. पुढे जे झालं त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 'त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून' हा निकष घालून दिला. २०११चा जेडीबी विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना तर चॅपल हिलचा, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. तेरा वर्षांच्या मुलाची शाळेतच चौकशी झाली, आणि कोर्ट म्हणालं की 'तो कोठडीत होता का' हे ठरवताना त्याचं वय बघावंच लागेल. ११३ मध्ये याच्या जोडीला 'रेज द एज' येतो: सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बहुतेक गुन्ह्यांत आपोआप प्रौढांच्या कोर्टात उभं करणं आपल्या राज्याने १ डिसेंबर २०१९ पासून थांबवलं, सोळा वर्षांच्यांच्या बाबतीत देशात सगळ्यांत शेवटी.

आणि लिहिणं. ही पदवी अर्धी इंग्रजीची आहे असं मी पालकांना सांगते ते यामुळेच. पोलिसाचा रिपोर्ट वकील वाचतो, न्यायाधीश वाचतो, समोरचा वकील तर शब्द न् शब्द वाचतो. 'संशयित आक्रमक वाटला' असं लिहिलं की सर लाल पेनाने विचारतात: काय केलं त्याने? मुठी वळल्या? पुढे आला? किती पावलं?

गणिताबद्दल मात्र माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा गणिताला घाबरायचा. 'पुढच्या सेमिस्टरला घेतो' म्हणायचा आणि मी मान डोलवायचे. सीजेसीचे सगळे कोर्स छान गुणांनी झाले, एकूण क्रेडिट सदुसष्ट, आणि डिग्री ऑडिटच्या स्क्रीनवर सगळ्या ओळींपुढे हिरवी खूण, एका ओळीपुढे लाल. क्वांटिटेटिव्ह लिटरसी, तीन क्रेडिट. तोवर त्याला नोकरी लागली होती, पाळ्या रात्रीच्या. पदवी मिळायला अजून अडीच वर्षं गेली. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येकाला गणित पहिल्या वर्षातच. रडा, चिडा, पण घ्या.

आता दुसरा प्रश्न, चार वर्षांच्या पदवीचा. इथे एका अक्षराने दोन वर्षांचा फरक पडतो. आपल्या राज्यात कम्युनिटी कॉलेजं आणि यूएनसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाची, सोळा विद्यापीठं यांच्यात एक सर्वंकष करार आहे. असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स घेऊन गेलात तर विद्यापीठाच्या सामान्य शिक्षणाच्या अटी पूर्ण धरतात. एएएस या करारात नाही. एएएसवाल्याचा प्रत्येक कोर्स विद्यापीठ वेगळा तपासतं. इंग्रजी, सायकॉलॉजी घेतं, बरेचसे सीजेसी कोर्स नुसते ऐच्छिक म्हणून घेतं किंवा घेतही नाही. काही विद्यापीठांनी काही कॉलेजांशी फक्त क्रिमिनल जस्टिसच्या एएएससाठी स्वतंत्र करार केले आहेत, ते चांगले आहेत, पण ते त्या दोघांपुरतेच. करार आहे का, आणि तुमच्या मुलीच्या कॅटलॉग वर्षाला (ज्या वर्षीचे पदवीचे नियम तिला लागतात त्याला) लागू आहे का, हे लेखी विचारा. तोंडी 'हो, घेतात' याला काही अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या मावशी-काकांशी तुलना करत असाल तर तिथेही असंच आहे. राज्यव्यापी ट्रान्सफर करार एए आणि एएसला, एएएसला नाही. तिथे एएला सामान्य शिक्षणाचे ४५ क्रेडिट लागतात, एएसला ३० आणि एएएसला २०. हे आकडे बघितले की विद्यापीठं हात का आखडता घेतात ते कळतं.

तुमच्या मुलीचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून बोलायचं तर मी तिला एएएस न घेता असोसिएट इन आर्ट्समध्ये घालेन. त्यातच सीजेसी १११, १२१ (पोलिसांचं कामकाज) आणि १४१ (करेक्शन्स) हे तीन कोर्स बसवता येतात, ते ट्रान्सफरच्या यादीत आहेत. कारण सरळ आहे: नागरिकत्व येईपर्यंत तिला पोलिसाची नोकरी नाही, म्हणजे 'लगेच कामाला लागणे' हा जो एएएसचा खरा फायदा, तो तिला मिळणारच नाही. मग मधली वर्षं पुढच्या पदवीत घालवलेली बरी. एफबीआय एजंट व्हायचं स्वप्न असेल तर तिथेही चार वर्षांचीच पदवी, वय किमान तेवीस आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

हेच जर तुम्ही नागरिक असता आणि मुलीला विसाव्या वर्षी गणवेश हवा असता, तर मी उलट सांगितलं असतं. इथे पोलीस होण्याचं दार म्हणजे बेसिक लॉ एन्फोर्समेंट ट्रेनिंग, ज्याला सगळे 'बीलेट' म्हणतात. त्याला पदवी लागतच नाही. हायस्कूल, किमान वय वीस, मेडिकल, गुन्हेगारी नोंद स्वच्छ, आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या पोलीस खात्याचं किंवा शेरिफचं स्पॉन्सरशिपचं पत्र. पत्र असेल तर फीही माफ. आधी हा कोर्स ६४० तासांचा होता. २०२५ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि तास आणखी वाढले. गंमत म्हणजे बीलेट आधी केलं तर कॉलेज एएएसमधल्या काही सीजेसी कोर्सचं क्रेडिट त्यावरच देतं. आधी बीलेट, मग नोकरी करत करत उरलेली पदवी, हा रस्ता पुष्कळजण घेतात. पदवीचा उपयोग नंतर दिसतो: बऱ्याच खात्यांत पगारात थोडी भर, आणि राज्याची वरची सर्टिफिकेटं कमी वर्षांत.

सगळीकडे असं नाही. मिनेसोटात पोलिसाच्या परवान्यालाच किमान दोन वर्षांची पदवी लागते. विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत साठ क्रेडिट पूर्ण करावे लागतात. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी साठ क्रेडिटची अट २०२५ मध्ये चोवीसवर आणली, माणसं मिळेनात म्हणून. त्यामुळे इंटरनेटवर 'पोलिसाला पदवी लागते' आणि 'लागत नाही' ही दोन्ही उत्तरं सापडतील आणि दोन्ही खरी असतील.

महाराष्ट्रातून आलेले पालक भरती कधी निघते ते विचारतात. इथे राज्याची एक भरती नसते. बारावी, मैदानी, लेखी, मेरिट लिस्ट असं काही नाही. राज्यात १०० काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत, प्रत्येकीचा शेरिफ लोकांनी निवडून दिलेला, शिवाय शहरांची आपापली पोलीस खाती. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. पण पर्सनल हिस्टरीचा एफ-३ हा लांबलचक फॉर्म सगळीकडे तोच, आणि त्यात राहिलेला प्रत्येक पत्ता, प्रत्येक नोकरी, प्रत्येक ट्रॅफिक तिकीट लिहायचं असतं. वेगाचं तिकीट माफ होतं, लपवलेलं तिकीट होत नाही. गांजाबद्दलही विचारतात. आणि इथे एच-४वाल्यांनी जास्त सांभाळायला हवं: नागरिक नसलेल्याने गांजा ओढल्याची नुसती कबुली दिली, शिक्षा झालेली नसली तरीही, इमिग्रेशनमध्ये अडचण येऊ शकते. अठरा वर्षांच्या मुलीशी हे बोलणं अवघड आहे, पण बोला.

एएएस घ्यायचंच ठरलं तर आणखी एक. काही कॉलेजांत वर्क-बेस्ड लर्निंग, म्हणजे खात्यात जाऊन काम करण्याचे क्रेडिट असतात. एच-४वर पगारी काम करता येत नाही, आणि बिनपगारीही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. त्याऐवजी ऐच्छिक वर्ग घेता येतो का ते पहिल्याच भेटीत विचारा.

इमिग्रेशनच्या वकिलाकडे जाल तेव्हा तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतला तुमचा नंबर ठरवणारी तारीख) आणि मुलीची जन्मतारीख एका कागदावर लिहून न्या आणि एवढंच विचारा: एकविसाव्या वाढदिवशी तिचं स्टेटस काय असेल? ते कळलं की मला पुन्हा लिहा, मी पहिल्या सेमिस्टरचे कोर्स बसवून देते.